'करंज्याला बुडाले' म्हणजे नक्की कुठे? एका बोटीवरच्या पणजोबांचं प्रकरण

सर्वपित्रीला मामाकडे पानं वाढतात तेव्हा एक नाव सगळ्यात शेवटी घेतलं जातं, आजीच्या वडलांचं. तिथी माहीत नाही म्हणून अमावास्या. कसे गेले विचारलं की घरात ठरलेलं एकच वाक्य, "करंज्याला बुडाले." कधी, कशात, बरोबर कोण होतं, काही म्हणजे काही नाही. मी एकदा मावशीला म्हटलं, अगं पण ते आफ्रिकेच्या बोटीवर होते असं आजी सांगायची ना, मग उरणच्या करंज्याला जाऊन कशाला बुडतील? तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "समुद्र काय वेगवेगळा असतो काय गो."

तिथून हे सुरू झालं आणि पुढची दोन वर्षं माझे शनिवार-रविवार त्यातच गेले. सगळं नीट लिहून काढतेय कारण रत्नागिरीकडच्या किती घरांत असा एक बोटीवरचा माणूस हरवलेला असतो, आणि शोधायला बसलात तर आम्ही केल्या त्याच चुका तुम्ही पण करणार, बहुतेक त्याच क्रमाने.

नावं बदलली आहेत. पणजोबांना विठू म्हणू, त्यांच्या वडलांना रामा. गाव जयगडच्या खाडीकाठचं, घर खारव्यांचं. आडनाव सांगत नाही, आणि पुढे कळेलच की त्याचा उपयोगही शून्य झाला.

सुरुवातीला हातात होती ती तीन पोस्टकार्डं, मोडीतली, आजीने पोथीत जपून ठेवलेली. त्यांना टाचणीने लावलेला एक कागद, गावातल्या कुठल्या तरी गुरुजींनी कधीतरी मोडीवरून बाळबोधीत उतरवून दिलेला. एक फोटो, ज्यात चार माणसं आहेत आणि त्यातले विठू कोण हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. बाकी नुसत्या ऐकीव गोष्टी. पणजीने बारा वर्षं कुंकू पुसलं नाही, मग दर्भाचा पुतळा करून पालाशविधी केला, तेव्हा कुठे पांढरं कपाळ. आणि एक बारीक गोष्ट, जी मी तेव्हा कानाआड केली, की विठू घरी आले की चुलीपुढे स्वतः बसायचे आणि पणजीला उठवायचे, "तुला येत नाय, ऊठ," आणि अख्ख्या वाडीत यावर हसायचे.

मग ट्रंक आली. गावचं धाकटं घर, म्हणजे विठूंच्या धाकट्या भावाचं, ते पाडून स्लॅबचं करायला घेतलं तेव्हा माळ्यावर पत्र्याची काळी ट्रंक निघाली. तिथले दादा, म्हणजे त्या भावाचे नातू, मला फोन करून म्हणाले, "तू ह्ये कागद बिगद बघतीस ना, मग घेऊन जा, नायतर भंगारात जाईल." मी रात्रीच्या गाडीने गेले आणि घेऊन आले. आत बनियनचं फडकं, एक पितळी डबी, मनीऑर्डरच्या पावत्यांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा आणि दोन्ही बाजूंनी बुच मारलेली एक पत्र्याची नळी.

ज्यांच्या घरी कोणी बोटीवर होतं त्यांना 'नळी' म्हटलं की कळतं. खलाशाचा सर्टिफिकेटचा कागद, कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट, सीडीसी. पूर्वी तो अशा नळीत गुंडाळून ठेवायचे म्हणून त्या कागदालाच नळी म्हणायला लागले. कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी कुठे उतरला, काय काम, वागणूक कशी, सगळ्याचे शिक्के त्यावर. म्हणजे आमच्या हातात पहिल्याच महिन्यात जॅकपॉट लागला होता! आणि मी तो कागद बघून बाजूला ठेवून दिला. आठ महिने.

का, तर त्यावर आडनाव नव्हतं. इंग्रजीत 'विठू रामा' एवढंच. गावाचं स्पेलिंग कायच्या काय. वय घरच्या हिशोबापेक्षा सहा वर्षांनी जास्त. आणि एका रकान्यात ठळक लिहिलेलं 'भंडारी'. आम्ही खारवी. मामा म्हणाला हा दुसराच कोणी भंडारी समाजातला विठू असणार, धाकट्या घरात कोणाची तरी ट्रंक येऊन पडली असेल, मुंबईत खोल्यांवर काय ट्रंका अशाच इकडच्या तिकडे व्हायच्या. मला पण ते पटलं, आता लाज वाटते सांगायला.

मग आम्ही आडनाव घेऊन हिंडत बसलो. त्यात प्रत्येकाची एकेक थिअरी. कोकणातला कुठलाही हरवलेला पुरुष शेवटी 'रामदास' बोटीत घातला जातो, तसे विठूही घातले गेले. ती बोट १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना काशाच्या खडकापाशी बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. पण पालाशविधी आजीच्या लग्नानंतर दोन वर्षांनी झाला हे पक्कं, म्हणजे १९५५, त्यातून बारा वजा केले की १९४३ येतं. रामदास बाद. मामाचं म्हणणं डॉकचा स्फोट, १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' फुटली तो. एका वर्षाचा फरक, गावच्या हिशोबात चालून जाईल इतका, म्हणून ते बरेच दिवस पाटीवर राहिलं.

तिसरी थिअरी माझी स्वतःची आणि मला ती फार आवडली होती. 'टिलावा'. बी.आय. म्हणजे ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट, २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासा-डर्बनकडे निघाली, २३ तारखेला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. ९५८ माणसं होती, २८० गेली, वाचलेल्यांपैकी बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' नावाच्या युद्धनौकेने २७ ला मुंबईत आणून सोडलं. आफ्रिकेची बोट, साल जवळपास बरोबर, बुडणं आहे. सगळं फिट्ट. मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर जाऊन बसले, ती फुकट आहे, जहाजाच्या नावानेही शोधता येतं. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या इथल्या खलाशांची नावं त्यात मुंबई-चितगाव स्मारकाखाली आहेत, सहा हजारांच्या वर. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं वेगळं स्मारक मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशांचं. तिथेही जाऊन आले. मुंबईत आयुष्य गेलं आणि मस्जिद स्टेशनला ड्रायफ्रूट घ्यायला शंभरदा उतरले असेन, पण पी. डिमेलो रोडला अशी काही जागा आहे हे मला माहीत नव्हतं.

आमचं आडनाव त्या यादीत नाही. पण यादी तासभर चाळल्यावर जे दिसायला पाहिजे होतं ते दिसलं, की आडनाव जवळजवळ कोणालाच नाही. इब्राहिम हसन, लक्ष्मण गोविंद, असंच सगळं. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, संपलं. बोटीवर भरती करताना मुन्शी विचारणार नाव काय, बापाचं काय, आणि आपल्या उच्चारावरून त्याला जे इंग्रजी सुचेल ते लिहिणार. म्हणजे माझ्या घरात टेबलावर पडलेला 'विठू रामा' हा चुकीचा माणूस नव्हता, चूक आमच्या शोधण्यात होती. तरी भंडारीचा काटा होताच.

त्याच सुमारास मामाच्या हट्टापायी एक दिवस उरणला पण जाऊन आलो, करंज्याला. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच, पुढे रिक्षा. जेट्टीवर जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना मामा विचारतोय, ८० वर्षांपूर्वी इथे रत्नागिरीकडचा एक माणूस बुडाला होता काय. ते बिचारे नीट ऐकून घेऊन म्हणाले, "बुडतात तसे, पण नाव ठेवीत नाय कोणी." चहा पाजला त्यांनी आम्हाला. परत येताना लाँचमध्ये मामा काहीच बोलला नाही.

गाठ सुटली ती व्याकरणाने, शप्पथ. पोस्टकार्डांचे फोटो मी एका ओळखीच्या मुलीला पाठवले होते, ती काळा घोड्याला एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखवाल्यांचा मोडीचा कोर्स करून आलेली. गुरुजींच्या कागदात वाक्य होतं, 'मुंबईस सुखरूप पोचलो. करंज्यावर भात बरा आहे. पगार झाला की पैसे धाडतो.' हे आम्ही सगळ्यांनी पन्नासदा वाचलेलं, म्हणजे मुंबईला आले आणि करंज्याला कुठेतरी कामाला लागले. तिने फोन केला आणि म्हणाली, ताई, हे 'मुंबईस' नाहीये, 'मुंबासास' आहे. मोडीत अनुस्वार कितीदा गाळतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतंच, आणि गुरुजींना मोंबासा माहीत असायचं कारण नाही, त्यांनी ओळखीचं होतं ते वाचलं. आणि मग सहज म्हणाली, "करंज्यावर भात बरा आहे हे मला विचित्र वाटतंय. गावात असता तर करंज्यात म्हणाला असता ना? वर कशाला?"

वर. बोटीवर. डेकवर.

मी तिला नीट थँक्यू पण म्हटलं नाही, फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. 'करंजा' ही बी.आय. कंपनीची बोट होती, १९३१ ला बांधलेली, मुंबई ते पूर्व आफ्रिका आणि डर्बन या लाइनीवरची. ही कंपनी बोटींना इकडची नावं देत असे, एक 'खंडाला' पण होती. लढाईत करंजा नेव्हीने घेतली आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला उत्तर आफ्रिकेत, अल्जीरियातल्या बूजी बंदरात बॉम्ब पडून ती बुडाली. त्याच नावाची नवी बोट पुढे १९४८ ला आली ती वेगळी.

आता ते घरातलं वाक्य बघा. 'करंजा बुडाली' हे मूळ असणार. कोणीतरी डॉकवरून बातमी आणली असेल, करंजा बुडाली. बायकांपर्यंत पोचेपर्यंत ते झालं 'करंज्याला बुडाले'. एक प्रत्यय इकडचा तिकडे गेला आणि तीन पिढ्या आम्ही उरणच्या खाडीला नमस्कार करत होतो.

मोंबासाचा पुरावा अजून एका ठिकाणी निघाला आणि तो भारी आहे. पोस्टकार्डांवरची तिकिटं गायब होती, नुसते चौकोनी डाग. हे मामाला म्हटलं तर तो लाल झाला, कारण सातवीत असताना त्यानेच ती ओली करून काढली होती. आजीचा मार पण खाल्लेला. त्याची ती तिकिटांची वही अजून आहे. तीन तिकिटं, त्यातल्या दोघांवर 'केनिया युगांडा टांगानिका' असं स्वच्छ छापलेलं. माणूस उरणला माझ्याबरोबर आला, पुराव्याची वही घरी कपाटात ठेवून!

आता नळीकडे परत. तो कागद गुंडाळी होऊन इतका कडक झालेला की आधी मी कडेकडेनेच वाचला होता, उलगडायला गेलं की तडकायचा. तुमच्याकडे असं काही असेल तर ओढू नका, पाणी लावू नका आणि इस्त्री तर मुळीच नाही. मी जुलैत दोन दिवस तो नुसता टेबलावर उघडा ठेवला, मुंबईच्या हवेने आपोआप मऊ पडला, मग टिपकागदात घालून वर डिक्शनऱ्या. सपाट झाल्यावर आतले रकाने दिसले आणि बोटींच्या नावांत 'करंजा' पाच वेळा.

आणि भंडारी? तो रकाना जातीचा नव्हताच, कामाचा होता. बोटीवर सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, मग टिंडल, कसब, सुकाणी, टोपास असे हुद्दे, त्यातला भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. साहेबांचा कूक वेगळा, खलाशांच्या चुलीवरचा भंडारी वेगळा. हे मला कोणी सांगितलं तर माझ्याच ऑफिसातल्या शिपायांच्या सासऱ्यांनी, जे जन्मभर बोटीवर होते आणि ज्यांना मी आठ महिने आधी विचारू शकले असते. "भंडारी म्हणजे जेवण बनवणारा, मॅडम, जातीचं काय विचारता." चुलीपुढून बायकोला उठवणारा माणूस, आणि पोस्टकार्डात भात बरा आहे लिहिणारा. तो भात स्वतःच शिजवत होता.

पण खरी गंमत वेगळीच होती आणि ती मला रात्री झोपताना सुचली. बोटीवर चढताना नळी कॅप्टनकडे जमा करावी लागते, उतरताना शिक्का मारून परत मिळते. माणूस बोटीबरोबर बुडाला तर नळी पण खालीच. मग ही नळी ट्रंकेत कशी? शेवटचा शिक्का मे १९४३, मुंबई, उतरल्याचा. शेरा, व्हेरी गुड. करंजा बुडाल्यानंतर सहा महिन्यांनी विठू रामा धडधाकट मुंबई बंदरावर उतरलेला आहे! टिलावा गेली, करंजा गेली. बुडणंच गेलं.

मग जमिनीवर शोधायला लागलं. मध्येच काहींनी मला सुचवलं की क्रू लिस्ट, म्हणजे बोटीवरच्या माणसांच्या याद्या, लंडनला शोध. त्यांना उत्तर. हो, मला माहितीय की १९१५ च्या क्रू लिस्ट ऑनलाइन आहेत, ब्रिटिश जहाजांच्या १८६३ ते १९३८ च्या बहुतेक क्रू लिस्ट कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत आहेत आणि १९३९ ते १९५० च्या लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. तुमचा माणूस जुना असेल तर तिकडे जाच. माझा प्रश्न आता मे १९४३ नंतर मुंबईत तो कुठे राहिला एवढाच होता, आणि त्याचं उत्तर गावकीत असतं.

आमच्या गावच्या मुंबई मंडळाची डोंगरीला खोली होती. बोटीवरचे, गिरणीवाले, गोदीवाले सगळे तिथे. ट्रंक ठेवायला जागा, झोपायला पाळी आणि महिन्याला वर्गणी. खोली कधीच रिडेव्हलपमेंटमध्ये गेली, पण वह्या सेक्रेटरी काकांच्या विरारच्या फ्लॅटमध्ये, देवघराखालच्या कपाटात, लाल फडक्यात. काका म्हणाले, "आधी चहा घे, धुळीने खोकला येईल मग." १९३६ पासूनच्या वह्या होत्या. लांबट चोपड्या, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, शाई फिकट चहासारखी झालेली पण बाळबोधी, म्हणजे मला वाचता येणारी.

'विठू रामा, ८ आणे.' पुढच्या महिन्यात परत. मग दोन-तीन महिने नावापुढे आडवी रेघ आणि बारीक अक्षरात 'बोटीवर'. मग परत ८ आणे, थकबाकीसकट. एका पानावर खर्चात 'विठू रामा उसने रु. २०, सारंगास'. हे सारंगाला पैसे म्हणजे बोट मिळवायची लाच. बोट मिळणं सारंगाच्या हातात, त्याला चारल्याशिवाय भरती नाही, १९३१ च्या लेबर कमिशनच्या रिपोर्टात पण यावर लिहिलंय. वीस रुपये कर्ज काढून हा माणूस भात शिजवायला आफ्रिकेला जात होता.

विठू आणि रामा ही नावं कोकणात पैशाला पासरी, म्हणून नुसतं नाव जुळून भागणार नव्हतं. मी घरी येऊन एक्सेलमध्ये दोन कॉलम केले. एकात नळीवरच्या चढल्या-उतरल्याच्या तारखा, दुसऱ्यात वर्गणी न दिलेले महिने. १९३६ नंतर नळीवर सात फेऱ्या. सातही ठिकाणी वहीत 'बोटीवर'. एकही महिना पुढे-मागे नाही. आडनाव नाही, वय चुकलेलं, गाव चुकलेलं, आणि तरी हा माणूस दोन कागदांवर एकच आहे यावर मी कोर्टात शपथ घ्यायला तयार आहे.

मे १९४३ नंतर जूनची वर्गणी आहे, ८ आणे. जुलैत नाही आणि 'बोटीवर' पण नाही. मी बोट खर्चाच्या बाजूला नेलं. आधी 'औषध, विठू, रु. २-४-०'. चार ओळी खाली,

'शके १८६५ आषाढ वद्य ७. विठू रामा भंडारी मयत. सोनापूर, लाकडे व सामान रु. १४-६-०.'

आणि त्याच्या खाली, दुसऱ्या हाताने,

'ट्रंक १, नळी १, रोख रु. ४५. भावाचे हवाली.' शेजारी निळसर अंगठा.

काकांच्या हॉलमध्ये टीव्हीवर मॅच चालू होती. मी त्या अंगठ्याकडे बघत बसले. रेषा अजून मोजता येतात.

म्हणजे विठू समुद्रात गेलेच नाहीत. डोंगरीच्या खोलीत, पावसाळ्यात, बहुतेक तापाने गेले, गावकऱ्यांनी खांदा दिला, सोनापूरला म्हणजे चंदनवाडीच्या स्मशानात नेलं. आणि धाकट्या भावाला ते माहीत होतं.

आता इथे मला जपून लिहावं लागतंय. भाऊ तेव्हा मुंबईत गिरणीत होता. आषाढात आगबोटी बंद, गणपतीशिवाय गावाला जाणं नाही. तो गावाला गेला तेव्हा घरात आधीपासून करंजा बुडाल्याची बातमी पोचलेली असेल, पणजी 'नाही, येतील' म्हणून कुंकू लावून बसलेली असेल, आणि त्याला तिच्यापुढे तोंड उघडवलं नसेल. हे शक्य आहे. मला असं मानायला आवडेल. पण मी १९५१ चा जमिनीचा फेरफार पण काढला, जुने फेरफार स्कॅन करून सरकारी साइटवर टाकलेत, 'आपले अभिलेख' म्हणून, तालुका त्यात असेल तर घरबसल्या वाचता येतो तशातला प्रकार. त्यात विठूच्या नावापुढे 'परागंदा, सात वर्षांहून अधिक काळ ठावठिकाणा नाही' आणि जमिनीला नाव धाकट्या भावाचं, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून. पणजीचं नाव नाही, आजीचं नाही. परागंदा लिहून घेणाऱ्या माणसाच्या माळ्यावर तेव्हा ती ट्रंक होती. सात वर्षं ऐकिवात नाही तर मेला धरायचं हा कायदा साहेबाचा, पण त्यासाठी खरंच ऐकिवात नसावा लागतो.

आणि दुसरी बाजू अशी की त्याने नळी जाळली नाही. पुरावा नको असता तर पावसाळ्यात चुलीत घालायला किती वेळ लागतो?

मावशीला मी सगळं एका दमात सांगितलं नाही. आधी बोट, मग भात, मग तिकिटं, त्यावर ती खूप हसली. मग वहीचा फोटो मोठा करून दाखवला. तिने चष्मा पुसून दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षितच नव्हता. "लाकडं ओली असतील ना गो, आषाढात?" मग बराच वेळ गप्प. मग, "पंचेचाळीस रुपये म्हणजे तेव्हाचे बरेच झाले."

जमिनीचं काही काढायचं नाही हे तिनेच ठरवलं, मामाला पटलं नाही, त्यावरून दोघांत आठ दिवस बोलणं नव्हतं. दादांना मात्र मी फोन करून अंगठ्याचं सांगितलं, कारण ट्रंक त्यांनीच दिली होती आणि मला ते लपवून ठेवणं बरं वाटेना. पलीकडे इतका वेळ काही आवाज नाही की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "आजोबा आमचे, मरताना 'थोरल्याची ट्रंक' 'थोरल्याची ट्रंक' करत होते. आमाला वाटलं भ्रम झालाय."

यंदा पितृपक्षात विठूंचं पान सप्तमीला वाढलं, अमावास्येला नाही. दादा आदल्या रात्रीच्या गाडीने आले, गावचा तांदूळ घेऊन, मावशीनेच बोलावलं होतं. मामा पहिली दहा मिनिटं त्यांच्याशी बोलला नाही, मग तिकिटांची वही दाखवायला घेऊन बसला.

सेक्रेटरी काकांना मंडळासाठी मावशीने पाकीट दिलं, त्यांनी रीतसर पावती फाडली. आणि माझ्या एक्सेलमध्ये अजून एक ओळ पिवळी करून ठेवलेली आहे. १९३८ मध्ये वहीत चार महिने विठूंच्या नावापुढे 'बोटीवर' आहे आणि नळीवर त्या काळात एकही शिक्का नाही.